कोकण-पुण्याहून नागपुरात आलात? इथला आंबा असा घ्या

नोकरीसाठी किंवा बदलीवर पश्चिमेकडून नागपुरात आलेल्या माणसाचा पहिला उन्हाळा बहुधा हापूस शोधण्यात जातो. हापूस इथे मिळतो, पण तो रत्नागिरी-देवगडहून आख्खा महाराष्ट्र ओलांडून येतो. महाग तर पडतोच, शिवाय वाटेत त्याला किती ऊन लागलंय ते कापल्याशिवाय कळत नाही. नागपूर खातं बैगनफल्ली. तो एकदा ओळखता आला की एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत घरात चांगल्या आंब्याला तोटा नाही.

बैगनफल्ली येतो आंध्र-तेलंगणातून. नाव बनगानपल्ली या आंध्रातल्या गावावरून पडलं, वांग्याशी त्याचा संबंध नाही. फळ लांबट, साल पातळ, गुळगुळीत आणि पिकल्यावर सोनेरी पिवळी, गराला धागा जवळजवळ नाहीच. गर मात्र हापूससारखा केशरी नसतो, फिका पिवळा असतो, आणि नवखा माणूस नेमका इथे चुकतो. कापल्यावर गर फिका दिसला की आंबा कच्चा निघाला असं समजून बाजूला ठेवतो. फिकेपणा ही त्याची जातच आहे. खरोखर कच्चा असेल तर कोयीलगतचा भाग पांढरट असतो, सुरी करकरते आणि वास कैरीचा येतो.

रंगावर विसंबून आंबा घेण्याची सवय इथे सोडावीच लागते. जूनमध्ये उत्तरेकडून दशहरी आणि लंगडा येतात. दशहरी पूर्ण पिकल्यावरही सालीवर हिरवट झाक ठेवतो, आणि लंगडा तर हिरवाच राहतो. त्यांच्या पिवळं होण्याची वाट पाहत बसलात तर आतून सडतील. म्हणून नाक आणि अंगठा वापरा. देठाजवळ नाक न्या. पिकलेल्या आंब्याचा गोड वास तिथेच सर्वांत आधी येतो. मग देठाशेजारच्या खांद्यावर अंगठ्याचं पोट अलगद टेकवा. किंचित दबून परत वर आलं तर आज खायचा, दगडासारखं लागलं तर ठेवायचा, बोट खोल जाऊन खड्डा तसाच राहिला तर विक्रेत्याला परत द्यायचा. फळाच्या मधोमध दाबू नका. दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी पडते, आणि दिवसभरात वीस गिऱ्हाइकांनी तसं दाबलं की विक्रेत्याचा माल वाया जातो.

आंबा झाडावर पुरता भरला होता की कोवळाच उतरवला, हे खांदे सांगतात. भरलेल्या फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठ खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं, ते कितीही ठेवलं तरी गोड होणार नाही. घरी आणलेल्या कडक आंब्यांची खात्री करायची असेल तर बादलीभर पाण्यात सोडा. भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगलेले लोणच्याला किंवा मेथांब्याला काढून ठेवा. सुरकुत्यांचेही दोन प्रकार आहेत. वासाने घमघमणाऱ्या आंब्याला बारीक सुरकुती पडली असेल तर तो अगदी खायच्या बेताला आलाय. वास नाही आणि साल चामड्यासारखी आक्रसली असेल तर तो कोवळाच तोडलेला आहे.

कार्बाइडबद्दल सगळेच विचारतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असू शकतात. फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे, त्यामुळे इथिलीनच्या खोलीत पिकवलेला आंबा म्हणजे विषारी आंबा असं समजू नका. पाटीतला प्रत्येक आंबा एकाच छटेचा पिवळाधमक, पण देठाशी वास नाही आणि गर घट्ट आंबट, असं दिसलं की तो माल टाळा. मार्चच्या शेवटी रचलेले पिवळे ढीग तर नकोच. इथली जुनी घरं अक्षय तृतीयेला पितरांना रस दाखवल्यावरच आंबा खायला सुरुवात करतात. निव्वळ चवीच्या हिशोबानेही तीच वेळ बरोबर आहे.

खरेदीचा हिशोब इथे डझनाचा नाही, किलोचा आहे. मध्यम बैगनफल्ली किलोत अडीच-तीन बसतात. गोकुळपेठ, कॉटन मार्केटजवळचा फुले बाजार आणि आठवडी बाजार घरच्या खरेदीला पुरेत. तीन-चार घरं मिळून घेणार असाल तर सकाळी कळमन्याच्या घाऊक बाजारात जाऊन कॅरेटच आणा. कधी खायचे आहेत ते विक्रेत्याला आधीच सांगा, “भाऊ, दोन आजसाठी, चार परवासाठी.” तो स्वतः निवडून देतो, “हे आजच पिकून राहिले, हे ठेवा दोन दिवस,” आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. सगळे एकाच दिवशी पिकणारे आंबे उचलून आणणं ही पहिल्या वर्षीची हमखास चूक.

मे महिन्यात तर सकाळी नऊच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच आंबा घ्यायला निघा. ४४-४५ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत अर्धा तास राहिलेला आंबा पिकत नाही, उकडतो. आंबा नीट पिकायला २० ते २५ अंश लागतात. फार तापलं की साल रंग धरत नाही, पण गर मऊ होत राहतो. वरून हिरवा, आतून कोयीजवळ तपकिरी आणि वासाला आंबूस असा आंबा निघाला की बहुतेक वेळा दोष उष्णतेचा असतो. कोकणातल्यासारखी बंद पेटी इथे वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ठेवली तर हमखास असंच होतं.

आढी लावायची, म्हणजे इकडच्या भाषेत माच घालायचा, तर घरातली सर्वांत थंड फरशी शोधा. खाली तणस अंथरा. धानाचा पेंढा तो, भंडारा-गोंदियाकडचं कोणी ओळखीचं असेल तर सहज मिळतो, नाहीतर सुती पोतं चालतं. आंबे देठ खाली करून एकमेकांना न चिकटवता एका थरात मांडा, फार तर दोन थर, आणि वर पातळ पोतं टाका. कूलर चालतो त्या खोलीत ठेवायला हरकत नाही, पण झोतासमोर नको. कूलरची हवा ओली असते, आणि सालीवर ओल राहिली की दोन दिवसांत काळे ठिपके पसरतात. रोज सकाळी एकेक फळ हातात घेऊन बघा. एक सडलेला सापडला तर तो लगेच काढा आणि त्याच्या शेजारचे पुसून घ्या. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनने एखादा दिवस वाचतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घालू नका. थंडीने त्याचं पिकणं बिघडतं, मग बाहेर काढल्यावर साल डागाळते आणि चव येतच नाही. पिकल्यावर तीन-चार दिवस फ्रिजमध्ये चालेल, पण खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गारठलेल्या आंब्याला वास नसतो.

खाण्याआधी आंबा तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा. यात खोड एकच आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्यात आंबा घातला तर तो आणखी तापतो, म्हणून माठातलं पाणी घ्या. देठाचा चीक निघून जाणं महत्त्वाचं, कारण ओठांच्या कडेला उठणारे चट्टे त्याच्यामुळे येतात. पाण्यातून काढून देठाची जागा चोळून धुवा आणि कापताना देठाकडचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आधी उडवा.

आंबा चपटा असतो आणि कोयही त्याच बाजूने चपटी असते. देठाची बाजू वर धरून उभा केला की अरुंद बाजू कोणती ते दिसतं. तिला समांतर न कापता, मधल्या रेषेपासून बोटभर अंतर सोडून रुंद बाजूंचे दोन गाल उतरवा. सुरी कोयीला घासली तर थोडी बाहेर सरकवा. गालाच्या गरावर साल न कापता उभ्या-आडव्या चिरा द्या, मागून साल उलटी ढकला, फोडी मोकळ्या होतात. कोयीभोवतीची कड मुलांना द्या.

रसाला नुसता बैगनफल्ली मवाळ लागतो. चौघांच्या जेवणाला दीड किलो बैगनफल्ली घेतला, तर त्यात अर्धा किलो गावरानी मिसळा. रामटेक-भंडाऱ्याकडच्या गावांतून येणारे लहान, धागेदार गावरानी आंबे बाजारात कोपऱ्यात दिसतात. रसाला वास आणि आंबटगोड धार त्यांच्यामुळेच येते. गावरानी हाताने सगळीकडून हळूहळू दाबून मऊ करा, देठाचं टोक काढून पहिले दोन-चार थेंब टाकून द्या, मग पिळा आणि चाळणीतून गाळा. बैगनफल्लीचा गर मिक्सरमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. फेस येतो, रस गरम होतो आणि वास उडतो. दूध घालायचं असेल तर आधी चाखून बघा. रस आंबट असेल तर दूध फाटतं. गोड असेल तर लिटरला अर्धी वाटी तापवून गार केलेलं दूध पुरे. चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठपूड, आणि वाढताना वर पातळ तूप. रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवा आणि झाका. बाहेर राहिला तर मेच्या उकाड्यात तीन-चार तासांतच आंबायला लागतो. सोबतीला पुऱ्याच हव्यात असं इथे कोणी म्हणत नाही. रस आणि मडक्यावरची लांब रोटी, किंवा रस आणि वाफवलेले सरगुंडे (काडीवर गुंडाळून केलेल्या कणकेच्या नळ्या), हा बेत एकदा तरी खाऊनच बघा.

मृगाचा पाऊस पडल्यावर फळमाशी वाढते. तेव्हा घेताना सालीवर टाचणीएवढं भोक आणि त्याभोवती मऊ, खोलगट डाग आहे का, ते उजेडात फिरवून बघा. त्या दिवसांत आंबा चोखून खाऊ नका, कापूनच खा. एका जागी अळी दिसली तर उरलेला भागही ठेवू नका, बारक्या अळ्या गरात दूरवर शिरलेल्या असतात.