नवं एअर पिस्तूल हातात आल्यावर काय बघायचं

रेंजवर कुणाचं नवं पिस्तूल आलं की सगळे भोवती जमतात आणि पहिला प्रश्न हमखास येतो, "हा ओरखडा कसला?" पहिलं स्वतःचं पिस्तूल म्हणजे घरच्यांनी मोठी रक्कम मोकळी केलेली असते, त्यामुळे जीव खालीवर होणं साहजिक आहे. पण दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये नव्याने आलेली मुलं नको तिथे भिंग लावून बसतात आणि हवं तिथे बघत नाहीत, म्हणून हे लिहितेय.

तपासणी घरी करा की रेंजवर, पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घातलेला आणि नळी सुरक्षित दिशेला. यात सवलत नाही.

दोन भागांच्या काळ्या रंगात किंचित फरक, फ्रेमच्या आतल्या बाजूला हत्यारांच्या खुणा, अक्रोडाच्या ग्रिपवर भरलेली बारीक रेघ, हे दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि सोडून द्या. गोळीला त्याने काही फरक पडत नाही.

खरा वेळ द्यायचा तो ग्रिपला. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात ग्रिप धरा आणि हलकेच पिळून बघा. बारीकसा 'टक' जाणवला तर ग्रिप ढिली आहे. आमच्याकडच्या एका मुलीचे शॉट्स कधी डावीकडे आठच्या वर्तुळात, कधी उजवीकडे आठच्या वर्तुळात जात होते, आणि जो तो तिच्या मनगटाला दोष देत होता. ग्रिपचा बोल्ट घट्ट करूनही खेळ राहिला, तेव्हा ग्रिप काढली. आत एकाच कडेला लाकूड चकचकीत झालेलं होतं. म्हणजे फ्रेम तेवढ्याच जागी टेकत होती. समोरच्या कडेला जाड कागदाची पट्टी बसवली आणि खेळ गेला. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, लाकूड चिरतं. आणि पावसाळ्यात हे पुन्हा तपासा, आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं.

मग ग्रिप हातात बसते का ते बघा. डोळे मिटून पिस्तूल उचला, नेहमीच्या उंचीवर आणा, डोळे उघडा. फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमाची खूण, दर वेळी मागच्या खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल, तर पिस्तुलात खोट नाही, ग्रिपचा कोन किंवा आकार तुमच्या हाताला जुळत नाही. ट्रिगरवरचं बोट ग्रिपला कडेने घासतंय का, तेही बघा. मधून कागद सहज सरकला पाहिजे. घासत असेल तर लाकूड उतरवावं लागेल, पण पहिल्या आठवड्यात पॉलिश पेपर हातात घेऊ नका. हाताची पकड अजून पक्की व्हायची असते, आणि एकदा घासलेली ग्रिप कुणी परत घेत नाही. पाम शेल्फ (ग्रिपच्या खालचा, तळहाताची कड टेकायचा सरकता भाग) मात्र खुशाल वरखाली करून बघा, पण तळव्यावर दाब येता कामा नये.

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. हवा भरलेली आणि पिस्तूल कॉक केलेलं (गोळी सोडायला सज्ज) असताना, नळी सरळ वर धरून ट्रिगरला अडकवलेलं तेवढं वजन उचलायचं, ट्रिगर सुटता कामा नये. नवीन पिस्तूल काठावर असेल तर थोडं वाढवूनच ठेवा. स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर धडधड नको.

रिअर साइटचा (मागच्या खाचेचा) स्क्रू पाच क्लिक डावीकडे, पाच परत उजवीकडे फिरवून ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, मूळ जागी येतो का ते बघा. पेलेट (शिशाची छोटी गोळी) अंगठ्याने बसवताना शिशाचे बारीक कीस निघत असतील, तर मात्र विक्रेत्याला लगेच कळवा. हवेच्या सिलिंडरचा दाब रात्री लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. गारव्याने काटा थोडा उतरतो. रोज ठळक उतरत असेल तर गळती आहे. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा, कारण स्पर्धेत दहा वर्षांपर्यंतचाच चालतो.

नळीवर मात्र घाईने संशय घेऊ नका. बऱ्याच पिस्तुलांच्या पेटीत कारखान्यातलं टेस्ट टार्गेट असतं, त्यावर पाच गोळ्यांचं जवळपास एकच भोक दिसतं. ते पिस्तूल शिकंजात धरून मारलेलं असतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. तुमचा ग्रुप त्याबाहेर पसरला तर आधी टेकू देऊन मारून बघा.

हे सगळं वहीत लिहा. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन वेळी बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. बिघाड कुणालाच चुकत नाही, पण पिस्तूल चांगल्या स्थितीत असताना ट्रिगर कसा लागतो, कॉक करायचा लिव्हर किती जोराने मिटतो, हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर बदल लवकर लक्षात येतो. विक्रेत्याला तक्रार करतानाही "नीट वाटत नाही" असं न लिहिता दाबाचे आकडे, फोटो आणि टार्गेट पाठवा.