मोटरसायकलवर नेण्यासाठी छोटी टॉर्च कशी निवडावी

रात्री मोटरसायकल रस्त्यात बंद पडली की उजेड लागतो तो हातभर अंतरावर. चेनची लिंक, फ्यूजची डबी, टायरमध्ये घुसलेला खिळा, क्लच केबलचं तुटलेलं टोक, सगळं अगदी डोळ्यांसमोर असतं. तरी टॉर्च घेताना नजर आधी जाते ती खोक्यावरच्या ल्युमेनच्या मोठ्या आकड्याकडे. म्हणून आधी काम कोणतं ते ठरवा आणि मग टॉर्च बघा.

मोबाइलचा दिवा आहेच की, असं वाटेल. पण अशा वेळी मोबाइल फोन लावायला आणि नकाशा बघायला हवा असतो. त्याची बॅटरी दिव्यापायी संपवणं परवडत नाही. शिवाय पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

पहिली पायरी : आकड्यांचा अर्थ लावा

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका जागी किती एकवटला आहे, हे कॅन्डेलावरून कळतं. खोक्यावर झोताचं जे अंतर लिहिलेलं असतं, ते कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट करून येतं. १०,००० कॅन्डेला असतील तर अंतर २०० मीटर. पण तिथपर्यंत पोचलेला उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच असतो. तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, त्यापुढे फारसं नाही.

इंजिनपाशी काम करायला ५० ते १५० ल्युमेन पुरतात, मात्र झोत पसरट हवा. घट्ट झोताची टॉर्च जवळून वापरली तर मध्ये पांढराशुभ्र ठिपका आणि बाजूला अंधार, त्यात धातूवरून येणारी चमक डोळे दिपवते. टॉर्चचा उजेड टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करता येतो. त्यातला सर्वांत वरचा टप्पा ३०० ते ५०० ल्युमेनचा असला की रस्त्याच्या कडेला काय आहे ते बघण्यापुरता उजेड मिळतो. खालच्या टप्प्याकडे मात्र जरूर लक्ष द्या. एक-दोन ल्युमेनचा मंद उजेड नकाशा वाचायला आणि तंबूत वावरायला उत्तम. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि प्रखर उजेडाने ती क्षणात मोडते.

छोट्या टॉर्चवर १,००० ल्युमेन लिहिलेले असले, तरी ती तापल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःहून उजेड कमी करते. चालण्याचा वेळही प्रमाणित मोजणीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. त्यामुळे वरच्या टप्प्याचे तास सोडून द्या. मधला टप्पा किती तास चालतो, ते विचारा.

दुसरी पायरी : रंग खरे दिसतात का

हा मुद्दा फारसा कोणी बघत नाही आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वस्त टॉर्चच्या निळसर उजेडात तपकिरी आणि लाल वायर सारख्याच दिसतात. जमिनीवर पडलेला थेंब तेलाचा, कूलंटचा की नुसत्या पाण्याचा, हेही पटकन ओळखता येत नाही. ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा, म्हणजे फार पिवळट नाही आणि निळसरही नाही असा उजेड आणि ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) असलेली टॉर्च मिळाली तर तीच घ्या. अशा एलईडीचे ल्युमेन थोडे कमी भरतात, ते खुशाल सोडून द्या.

एक सोपी चाचणी: मंद टप्प्यावर टॉर्च लावून तिच्यासमोर बोटं भराभर हलवा. बोटांच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर उजेड लुकलुकतो आहे. फिरतं चाक किंवा चेन तपासताना असा उजेड फसवतो.

तिसरी पायरी : दोन्ही हात मोकळे राहायला हवेत

पाना एका हातात आणि नट दुसऱ्या हातात असताना टॉर्च कोण धरणार? काटकोनात वळलेली, डोक्याला पट्ट्याने बांधता येणारी आणि पट्ट्यातून काढून खिशात क्लिपने अडकवता येणारी टॉर्च इथे सर्वांत सोयीची. शेपटाला लोहचुंबक असेल तर आणखी छान. पण आपल्या गाडीवर चुंबक कुठे चिकटतं ते घरीच बघून ठेवा. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि प्लास्टिकचं फेअरिंग त्याला धरत नाही. लोखंडी टाकीवर चिकटतं, पण खाली कापडाची घडी ठेवा, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात.

डोक्यावर बांधलेली टॉर्च एका कामात मात्र उतरवावी लागते. टायरमधला खिळा शोधताना ती टायरला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. तिरक्या उजेडात खिळ्याच्या डोक्याची सावली लांब पडते आणि समोरून उजेड टाकून न दिसलेला खिळा चटकन सापडतो.

चौथी पायरी : सेल कोणता

१८६५० हा लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ५० ग्रॅमचा. चांगल्या सेलमध्ये एए मापाच्या रिचार्जेबल सेलच्या चार-पाच पट ऊर्जा मावते. गाडीवर यूएसबी सॉकेट असेल तर माझी पसंती यालाच. यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या काही टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. तेव्हा सोबत आलेली केबल जवळ ठेवा.

गाव-वस्ती लांब राहणार असेल तर एएवर चालणारी टॉर्च बरी, कारण ते सेल कुठेही मिळतात. फक्त साधे अल्कलाइन सेल महिनोन् महिने आत ठेवू नका. ते पाझरून टॉर्चच खराब करतात. एकदा वापरायचे लिथियम एए सेल थंडीतही चालतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. लिथियम-आयन सेल उन्हात तापलेल्या टँक बॅगमध्ये ठेवू नये.

पाचवी पायरी : पाणी, हादरे आणि ग्लोव्ह्ज

टॉर्च पाण्यापासून किती सुरक्षित आहे, ते खोक्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. प्रवासासाठी ७ किंवा ८ घ्या आणि चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते बघा. हादऱ्यांनी सेल आत हलला तर टॉर्च आपोआप बंद पडते किंवा टप्पा बदलते. सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग असेल तर हा त्रास कमी होतो. दुकानातच ती तळहातावर आपटून बघा.

मग ग्लोव्ह्ज घालून, डोळे मिटून बटण सापडतं का बघा. पहिल्या दाबात मंद उजेड लागला पाहिजे. डोळे दिपवणारी लुकलुक तीन दाबांच्या आत येत असेल तर ती टॉर्च नको. मागून येणाऱ्या वाहनांना सावध करायला संथ लुकलुकणारा लाल दिवा लागतो. तो याच टॉर्चमध्ये मिळाला तर उत्तम, नाहीतर वेगळा घ्या.

टॉर्च सीटखालच्या टूलकिटमध्ये नको, जॅकेटच्या खिशात असू द्या. अंधारात सीटचं कुलूप शोधायलाही तीच लागते. निघताना शेपटाचं झाकण पाव फेरा सैल करा. बहुतेक टॉर्चचा विद्युतमार्ग त्याने तुटतो आणि खिशात बटण दाबलं गेलं तरी ती लागत नाही. तुमच्या टॉर्चमध्ये हे चालतं का, ते मात्र घरीच करून बघा.