पश्चिम ऑस्ट्रेलियात सोनं शोधायला येणाऱ्या नव्या भूवैज्ञानिकांसाठी

पुण्या-नागपुरातून भूविज्ञानात एम.एस्सी. करून इकडे यायचा विचार करणारी मुलंमुली पहिला प्रश्न हाच विचारतात: ताई, सोनं दिसतं का? फार क्वचित. डायमंड ड्रिलिंगच्या गाभ्यात, म्हणजे हिऱ्याच्या बिटने कापून काढलेल्या खडकाच्या दांड्यात, पांढऱ्या क्वार्ट्‌झच्या शिरेत एखादा पिवळा ठिपका दिसला, की कॅम्पवरचे सगळे भिंग मागत येतात, स्वयंपाकीसुद्धा. एरवी नव्या भूवैज्ञानिकाची सुरुवातीची वर्षं लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या चिखलात जातात. कॉलेजात आपल्याला ताजा, कठीण खडक शिकवतात. इथे पगार मिळतो तो कुजलेला खडक ओळखण्याचा.

आधी थोडी जागेची ओळख. पर्थपासून पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर कालगूर्ली आहे. १८९३ मध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना तिथे सोनं सापडलं आणि गर्दी लोटली. पाणी नव्हतं, म्हणून पर्थजवळच्या डोंगरातून पाइपलाइन आणली, ती १९०३ मध्ये सुरू झाली. हा सगळा मुलूख यिलगार्न क्रेटन नावाच्या प्राचीन भूखंडाचा भाग. ग्रॅनाइटच्या अफाट पसाऱ्यात ग्रीनस्टोनचे अरुंद पट्टे, आणि बहुतेक सोनं या पट्ट्यांमध्ये.

ग्रीनस्टोन म्हणजे बव्हंशी बेसॉल्टच, हे ऐकून दख्खनवर वाढलेल्यांना बरं वाटतं. पाण्याखाली उसळलेल्या लाव्हाच्या उशा, वायूच्या पोकळ्या, हे सगळं इथल्या गाभ्यात ओळखीचं निघतं. पण आपला दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांचा आणि बहुतेक ठिकाणी जसा पसरला तसाच आडवा. इथला २७० कोटी वर्षांचा. उभा झालेला, दुमडलेला, शिअर झोनमध्ये, म्हणजे खडक एकमेकांवर घसरलेल्या पट्ट्यांत, चिरडून पानापानांचा झालेला. त्या चिरांमधून खोलवरचं गरम, गंधकयुक्त पाणी वर आलं. सोनं त्यात गंधकाच्या संगतीने विरघळलेलं होतं. वाटेत लोहाने भरलेला खडक लागला, की गंधक लोहाशी जुळून पायराइट होतो आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. म्हणून आम्ही लोहयुक्त डोलेराइट आणि पट्टेदार लोहशिला पाहून हरखतो, आणि म्हणूनच पायराइट, आर्सेनोपायराइट, सेरिसाइट, कार्बोनेट ही खनिजांची नावं लॉगमध्ये, म्हणजे ड्रिल होलच्या मीटरवार नोंदीत, सतत येतात. एवढा भाग कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. पुढचा मात्र मिळणं कठीण.

कारण हे सगळं जमिनीवर दिसतच नाही. ज्यांनी रत्नागिरी किंवा सावंतवाडीकडे चिऱ्यांची खाण पाहिली आहे, त्यांना इथली जमीन लवकर समजते. वर कडक जांभा, खाली ठिपक्याठिपक्यांची माती, त्याखाली पांढरट चिकणमाती, मग हळूहळू मूळ खडकाचा पोत दाखवणारा मऊ थर, म्हणजे सॅप्रोलाइट, आणि शेवटी ताजा खडक. यिलगार्नमध्येही हाच क्रम आहे, फक्त फार जुना आणि फार खोल. ताजा खडक ४० मीटरवर लागू शकतो, १०० मीटरवरही. डोंगर नाहीत, नद्या नाहीत. क्षार साचलेली कोरडी तळी आणि मुल्गाची झुडपं. भूशास्त्रीय नकाशावर सुंदर रंगवलेला पट्टा प्रत्यक्षात पाहायला जावं, तर समोर सपाट लाल माती.

या कुजण्यात सोनंही जागचं हलतं, हे नव्याने आलेल्यांना पटायला वेळ लागतो. ‘सोनं म्हणजे अविनाशी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण इथलं भूजल अनेक ठिकाणी समुद्रापेक्षा खारट आणि वर आम्लधर्मी आहे. अशा पाण्यात सोनं क्लोराइडबरोबर विरघळतं, चिकणमातीच्या थरातून धुऊन निघतं आणि खाली रासायनिक परिस्थिती बदलते त्या पातळीवर पुन्हा बसतं. परिणामी चांगल्या साठ्याच्या डोक्यावरच वीस-तीस मीटर जाडीचा जवळपास रिकामा थर असू शकतो. उथळ होल मारला, सगळे आकडे शून्य आले, कंपनीने जमीन सोडली: जुन्या अहवालांत असे प्रसंग भरपूर सापडतात. शून्य कुठल्या थरातलं आहे, हे न विचारता त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मातीचे नमुने घेतानाही जागेचं भान लागतं. मेन्झीज या छोट्या गावाच्या अक्षांशाच्या आसपास एक सीमा मानतात. तिच्या दक्षिणेला मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांच्यात सोन्याचा अंश धरून राहतो, तेव्हा तिकडे मुद्दाम तो चुनखडीचा थर गाठून नमुना घेतात. उत्तरेला मातीखाली लालसर तपकिरी कडक थर लागतो आणि पद्धत बदलते. दक्षिणेत शिकलेली सवय उत्तरेत तशीच वापरली, तर पैसे जातात आणि नकाशा खोटा होतो.

आता एअरकोअर, ही वेगवान, उथळ ड्रिलिंगची पद्धत. नव्या माणसाला बहुधा याच रिगवर उभं करतात. पात्यांचं बिट मातीतून आणि मऊ खडकातून खाली जातं आणि कठीण लागलं की थांबतं. प्रत्येक मीटरचा माल ड्रिलरचा मदतनीस, म्हणजे ऑफसायडर, जमिनीवर ढिगाऱ्यांच्या रांगेत ओततो. तुम्ही चाळणी आणि पाण्याची बादली घेऊन त्या रांगेतून चालायचं, चिमूटभर माल धुवायचा, बघायचा, चिप ट्रेच्या खणात ठेवायचा, टॅब्लेटवर नोंद करायची. एअरकोअर वेगाने चालतो. तुम्ही विचार करत बसलात, तर रिग दोन होल पुढे गेलेली असते.

या घाईत एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: समोरची माती इथेच कुजून झाली, की दुसरीकडून वाहून आली? वाहून आलेल्या थरात सोनं नसणं याला काही अर्थ नाही, आणि असलं तरी ते कुठल्या खडकाचं हे कळत नाही. ओळखायच्या खुणा आहेत. चाळणीत गोलसर कण आणि वेगवेगळ्या खडकांचे तुकडे एकत्र दिसले, तर थर बहुधा वाहून आलेला. क्वार्ट्‌झ टोकदार, एकाच जातीचा, आणि ओल्या मातीचा गोळा नखाने फोडल्यावर आत जुन्या खडकाची पानं दिसली, तर तो जागेवरचा. गोल लोहखडे फसवतात, कारण ते जागेवर तयार होतात आणि वाहूनही येतात. त्यांचं कवच आणि आजूबाजूची माती पाहावी लागते. सगळ्यात अवघड म्हणजे चिकणमातीवर चिकणमाती. तिथे रंग पुरेसा नसतो. चार-पाच मीटर मागे-पुढे जाऊन एकामागून एक चिमटी बोटांत चोळावी, वाळूची खरखर कुठे संपते ते पाहावं. ती सीमा लॉगमध्ये मीटरसकट लिहावी. पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

होलच्या तळाचा शेवटचा मीटरही असाच मोलाचा. त्याचा नमुना बहुतेक कंपन्या अनेक मूलद्रव्यांसाठी तपासतात, कारण खडक ओळखायची ती सगळ्यात चांगली संधी. पूर्ण चिकणमाती झालेल्या खडकातही काही मूलद्रव्यं जागची हलत नाहीत. टायटॅनियम आणि झिर्कोनियमचं गुणोत्तर बेसॉल्ट आणि आम्लधर्मी, म्हणजे सिलिका जास्त असलेले, खडक वेगळे करतं. क्रोमियम आणि निकेल भरपूर निघाले, तर मूळ खडक अल्ट्रामॅफिक, म्हणजे सिलिका फार कमी आणि मॅग्नेशियम-लोह भरपूर असलेला. हातात धरायचं एक्स-रे यंत्र कॅम्पवर असेल, तर संध्याकाळी आपली दिवसभरची नावं त्याच्या आकड्यांशी ताडून पाहायची सवय लावा. नजर यानेच तयार होते.

या चिखलाची किंमत कळायला ट्रॉपिकाना खाणीची गोष्ट पुरेशी आहे. कालगूर्लीच्या ईशान्येला सुमारे ३३० किलोमीटरवर, ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटाच्या कडेला ही जागा. तिथे ग्रीनस्टोन नाही, ग्नाइस नावाचा रूपांतरित खडक आहे, म्हणून सोन्यासाठी फारसं कोणी तिकडे फिरकत नव्हतं. एका जुन्या कंपनीने घेतलेल्या मातीच्या नमुन्यात ३१ पीपीबी सोनं आलं होतं, म्हणजे टनामागे ०.०३१ ग्रॅम. आकडा सरकारी संग्रहातल्या खुल्या अहवालात पडून होता. इंडिपेंडन्स ग्रुपने तो पाहून जमीन घेतली, मग अँग्लोगोल्ड अशांतीबरोबर भागीदारीत काम झालं. २००५ मध्ये ड्रिलिंगने साठा लागला आणि २०१३ मध्ये खाणीतून पहिलं सोनं निघालं. शेजारच्या नमुन्यांच्या मानाने तो आकडा उठून दिसला, एवढीच त्याची पुण्याई. वाळूने झाकलेल्या मुलखात ३१ पीपीबी पुष्कळ असतं. कालगूर्लीतल्या जुन्या खाणीच्या कुंपणाशी तेवढंच आलं, तर कोणी मान वर करत नाही.

एअरकोअरमध्ये काही लागलं, तर आरसी, म्हणजे रिव्हर्स सर्क्युलेशन, रिग येते. हिचा हातोडा ताज्या खडकातही जातो. मीटरचा माल सायक्लोनमधून, म्हणजे हवा आणि माल वेगळा करणाऱ्या नरसाळ्यातून, खाली पडतो आणि शंकूसारख्या विभाजकातून सुमारे तीन किलोचा नमुना कापडी पिशवीत उतरतो. इथे भूवैज्ञानिकाचं काम अर्धं खडकाचं, अर्धं पहारेकऱ्याचं. पिशव्यांची वजनं सारखी आहेत का, माल ओला येतोय का, सायक्लोन साफ केला का, पिशवीचा क्रमांक आणि मीटर जुळतात का. ठरलेल्या अंतराने रांगेत प्रमाणित नमुना, सोनं नसलेला कोरा नमुना आणि दुबार नमुना घालायचा. प्रयोगशाळेत तीन किलो दळून त्यातले ५० ग्रॅम भट्टीत जातात. सोनं जाड कणांचं असेल, तर एक कण त्या ५० ग्रॅममध्ये पडला की नाही यावर आकडा उड्या मारतो. म्हणून जाड सोन्यासाठी आता सुमारे ५०० ग्रॅम न जाळता तपासणारी फोटॉन पद्धत बरीच वापरतात. एकाच मीटरच्या मोठ्या आकड्याने नाचू नये.

याच संदर्भात बायकांसाठी एक सूचना: मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवून या. पुरुषांनी साखळ्या. नमुने हाताळणाऱ्याच्या अंगावर सोनं नको, हा नियम बहुतेक ठिकाणी कडक आहे. आपण मोजतो ते टनामागे मिलिग्रॅममध्ये. अंगठी पिशवीच्या दोऱ्याला घासली, तरी शंका घ्यायला जागा उरते. सासूबाईंना हे फोनवर समजावणं मला पीपीबी समजावण्यापेक्षा जड गेलं.

राहण्याबद्दल थोडक्यात. कॅम्पवर पत्र्याच्या सुट्या खोल्या असतात, त्यांना डोंगा म्हणतात. सुरुवातीच्या शोधमोहिमेत तेही नसतं, जाड गादीची पिशवी आणि तारे. कामाची पाळी ठरलेली असते, आठ दिवस काम आणि सहा सुट्टी, किंवा दोन आठवडे आणि एक. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. माश्या तोंडात जातात, जाळी विकत घ्या. शाकाहारी असाल, तर स्वयंपाकघरात आधी सांगा, आणि एक डबा गोडा मसाला जवळ असू द्या. एकट्याने गाडी घेऊन निघताना प्रवासाचा आराखडा लिहून द्यायचा आणि ठरल्या वेळी सॅटेलाइट फोनवरून हजेरी द्यायची; हजेरी चुकली की शोध सुरू होतो. गाडी बंद पडली, तर गाडीजवळच थांबायचं. मदत येते ती गाडीकडे. चालत निघालेल्यांचे शेवट इथे वाईट झाले आहेत.

ड्रिलिंगआधी त्या भूमीच्या पारंपरिक आदिवासी मालकांबरोबर वारसास्थळांची पाहणी होते. काही जागा फक्त पुरुषांच्या, काही फक्त स्त्रियांच्या असतात, आणि कारण सांगायला ते बांधील नाहीत. रेषा जिथे आखली तिथे रिग थांबते. ज्येष्ठांबरोबर त्या पाहणीला जायची संधी आली, तर सोडू नका. पाणी कुठे टिकतं आणि वाळू कुठून कुठे सरकते, हे मला कुठल्याही उपग्रहचित्राइतकं तिथे शिकायला मिळालं.

नोकरीचं सरळ सांगते. सोन्याचा भाव पडला, की पहिली कात्री शोधमोहिमेवर येते. २०१३ नंतरच्या मंदीत अनेक भूवैज्ञानिक घरी बसले. म्हणून पहिली नोकरी चालू खाणीत, ग्रेड कंट्रोलवर, म्हणजे सोनं असलेला आणि टाकाऊ खडक वेगळा करण्याच्या कामावर, मिळाली तरी घ्या. रोज समोर भिंत दिसते आणि आपल्या अंदाजाचा निकाल लगेच लागतो. जाहिरातींत मॅन्युअल गाडीचा परवाना बहुधा मागतात. तो भारतातूनच पक्क्या सरावासह आणा. वैद्यकीय तपासणीत अमली पदार्थांची चाचणी असते, साइटवर श्वासाचीही. पुढे साठ्याच्या जाहीर अहवालावर सही करायची असेल, तर जॉर्क या साठ्यांच्या अहवालांबद्दलच्या ऑस्ट्रेलियन संहितेनुसार त्या प्रकारच्या साठ्यातला किमान पाच वर्षांचा अनुभव आणि मान्य व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व लागतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून आपल्या कामाची नोंद ठेवा.

इकडे यायलाच हवं असंही नाही. यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, जाता येतं, खनिज शोधाचं काम करणाऱ्या एमईसीएलचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी गावची सोन्याची खाण अशाच ग्रीनस्टोन पट्ट्यात आजही चालते.

अर्ज करण्याआधी एक काम मात्र घरबसल्या होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या भूवैज्ञानिक विभागाचा वॅमेक्स हा संग्रह सगळ्यांना फुकट खुला आहे. कंपन्यांचे जुने अहवाल, होलच्या नोंदी, नमुन्यांचे आकडे, सगळं त्यात. लॅव्हर्टन किंवा लिओनोराच्या आसपासचा कुठलाही छोटा चौकोन निवडा, १९९० च्या दशकातला एखादा अहवाल उतरवून घ्या आणि लॉग उघडा. वाहून आलेला थर कुठे संपला हे लिहिलंय का, होल कुठल्या थरात थांबला, शेवटच्या मीटरचा खडक काय, हे प्रत्येक होलसाठी वहीत मांडा. निम्म्या होलांसाठी यातलं काहीच मांडता येत नसेल, तर त्या नकाशावरची शून्यं नव्याने तपासायला हवीत. मुलाखतीत हा चौकोन काढून दाखवा. समोरचा भूवैज्ञानिक असेल, तर बाकीचे प्रश्न विसरून त्याच नकाशावर वाकेल.