प्लास्टरचे ग्रीक-रोमन पुतळे साफ करताना

ओला फडका आधी लांब ठेवा. प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पापणीची कड बोथट व्हायला तेवढं पुरे. त्यातून प्लास्टर सच्छिद्र, त्यामुळे पाण्याबरोबर धूळही आत शोषली जाते आणि करडा डाग कायमचा बसतो.

टॉर्च बाजूने तिरका धरा. जबड्याखाली, बोटांच्या बाजूने, वस्त्राच्या चुण्यांवर बारीक उंच रेघा दिसतील. हे पुतळा ज्या साच्यात ओतला, त्याच्या तुकड्यांचे सांधे. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा मोह आवरा. साचा किती तुकड्यांचा होता, हे विद्यार्थ्याला त्यांच्यावरूनच कळतं. खोल गेलेली रेघ मात्र तडा असते. शेजारी तपकिरी डाग असेल तर आतली लोखंडी सळई गंजून फुगतेय. तो पुतळा संवर्धकाकडेच द्या.

आता बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ झटका आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी जवळ धरून, कमी जोरावर, ओढून घ्या. नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटलेला टवका पोटात जाणार नाही. उरलेली काजळी कोरड्या रबरी स्पंजने, न रगडता, एकाच दिशेने टिपा. स्पंज काळा झाला की तेवढा थर कापून टाका, नाहीतर तीच काजळी पुढे फासली जाते.

तरीही मळ राहिला तर आगर-आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, पण शुद्ध पावडर. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३ ग्रॅम घालून उकळा, ४५ अंशांपर्यंत निवू द्या, ब्रशने ३-४ मिमी जाड थर द्या. गोठल्यावर अलगद सोला, मळ जेलीत येतो. पहिला प्रयोग पाठीमागे, नाण्याएवढ्या जागेवर. जुन्या पुतळ्यांवर बरेचदा लाखेचं पॉलिश किंवा रंगाचा हात असतो. तिथे जेल लावू नका.

दुरुस्तीत ‘चूक’ सुधारू नका. लाओकून म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेल्या ट्रॉयच्या पुजाऱ्याचा प्रसिद्ध प्राचीन पुतळा. त्याचा मूळ उजवा हात १९०६ मध्ये सापडला, तो कोपरात मागे दुमडलेला आहे. त्याआधीच्या साच्यांतल्या प्रतींत हात वर ताणलेला दिसतो. तो तसाच राहू द्या, कारण शतकानुशतकं लोकांनी तोच लाओकून पाहिला.

हलवताना दोघं लागतातच. धरायचं बैठकीला, हाताला किंवा मानेला कधीच नाही.