थंडर बेला निघालेल्या मुंबईकरांसाठी रानवाटांविषयी

दर डिसेंबरात मी दादरला आईकडे येतो, तेव्हा कॅनडातल्या थंडर बेला शिकायला निघालेली दोन-तीन मुले आईवडिलांना घेऊन भेटायला येतात. खोलीचे भाडे, अर्धवेळ नोकरी, तूरडाळ कुठे मिळेल, हे त्यांचे ठरलेले प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे तिथे पोहोचल्यावर आठवडाभरात आपोआप मिळतात. भटकंतीविषयी मात्र कोणी विचारत नाही, कारण पहिल्या कर्जत लोकलने जाऊन पावसाळी गड चढलेल्या मुलाला वाटते की डोंगर म्हणजे डोंगर.

मलाही तसेच वाटले होते. थंडर बेच्या मरीना पार्कच्या धक्क्यावरून सुपीरिअर सरोवरापलीकडे उताणा झोपलेल्या माणसासारखा जो डोंगर दिसतो, तो स्लीपिंग जायंट. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला नानाबिजू म्हणतात. त्याच्या माथ्यावर जाऊन परत येण्याची वाट सुमारे २२ किलोमीटरची आहे. पहिल्याच ऑक्टोबरात मी आणि माझा खोलीतला सोबती दुपारी साडेबाराला, जीन्स आणि सुती बनियनवर स्वेटर घालून, त्या वाटेला लागलो. माथ्यावर बारीक पाऊस आला. आपल्याकडे भिजलेला माणूस टपरीवर चहा पिऊन वाळतो, पण तिथे भिजलेले सुती कापड अंगातली ऊब शोषून घेते आणि वाऱ्यात वाळता वाळत नाही. शेवटचे काही किलोमीटर आम्ही अंधारात, मोबाइलच्या उजेडात तोडले. त्या मोबाइलला रेंज नव्हती. गाडीशी पोहोचल्यावर किल्लीचे बटण दाबायला माझी बोटे वळेनात, म्हणून मी ते दाताने दाबले. त्यानंतर चार दिवस अंथरुणात आणि नव्याने मिळालेली नोकरी हातची गेली. म्हणून सांगतो, सुती कपडे नकोत. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा, वर पाऊस अडवणारे जाकीट हवे, आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड व डोक्याला बांधायची बॅटरी हवी. जुन्या कपड्यांच्या दुकानांत हे सारे स्वस्तात मिळते.

शहराच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर ४० मीटर उंचीचा काकाबेका धबधबा आहे. आपली माणसे वर्षानुवर्षे तिथे राहतात, नायगारा पाहायला हजाराहून अधिक किलोमीटर गाडी हाकतात आणि काकाबेका मात्र पाहुणे आले तरच पाहतात. तिथेही काही जण फोटोसाठी कठडा ओलांडतात; ओला खडक कोणाचीही भीड धरत नाही.

माउंट मॅके हा डोंगर फोर्ट विल्यम फर्स्ट नेशन या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या जमिनीवर आहे आणि त्यांच्या भाषेत त्याचे नाव अनेमकी वाजिव आहे. गाडी वर नेण्यासाठी पैसे घेतात, त्यावर आपल्यातले काही कुरकुरतात. दुसऱ्याच्या अंगणात जाताना एवढे द्यायला हरकत नसावी. तिथे मोठ्याने गाणी लावू नयेत, हेही सांगावे लागते याची मला लाज वाटते.

मेअखेर ते जून काळ्या माश्या कानामागे चावून रक्त काढतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घालावेत. गोचिडांसाठी परतल्यावर गुडघ्यांमागे आणि केसांच्या मुळाशी तपासावे. नंतर गोल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. वाहत्या पाण्यावरच्या बर्फावर पाऊल ठेवू नये. सुपीरिअरचे पाणी जूनमध्येही इतके थंड असते की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. जुहूच्या सवयीने त्यात उडी मारू नये.

सवय व्हायला बुलवर्ड लेकपासून सुरुवात करावी. शहरातच असलेली ही सपाट वाट तळ्याभोवती फिरते. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे काम आटोपूनही तिथे सहज जाता येते. मी अजूनही जातो, लोकरीचे मोजे घालून.