दाढ ठणकतेय? पर्चीच्या रांगेआधी हे करा

सरकारी दंत ओपीडीत निम्मी सकाळ पर्चीच्या रांगेतच जाते. इंदूरला एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचं असेल तर आदल्या रात्रीच मोबाइलवर आभा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचं, अ‍ॅप टाका, आधारवरून आभा क्रमांक काढून ठेवा. खिडकीपाशी आभाचा क्यूआर लावलेला असेल तर स्कॅन करा. नाव-पत्ता आपोआप जातो, टोकन फोनवर येतं. नसेल तर रांग आहेच.

नाश्ता करूनच निघा. बीपी-शुगरच्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. दाढ काढण्याआधी तेच विचारतात.

गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तर ओपीडीची वाट न बघता थेट एमवायची कॅज्युअल्टी गाठा. आणि हिरडीवर अ‍ॅस्पिरिन दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.