पणजोबा क्रिकेट खेळायचे म्हणे? मग असं शोधा

घरात कुणीतरी म्हणतं पणजोबा साताऱ्याकडून खेळायचे, पोरं लगेच क्रिकइन्फोवर (क्रिकेटच्या रेकॉर्डची वेबसाइट) नाव टाकून बघतात, काही निघत नाही, मग म्हातारा थापा मारायचा म्हणून मोकळी. अहो रणजीच मुळात 1934 ला सुरू झाली, त्याआधी मुंबई-पुण्यात हिंदू, पारशी, युरोपियन अशा टीमच्या मॅचेस व्हायच्या (मुस्लिम टीम 1912 ला आली), तिथं नंबर लागला तरच फर्स्ट क्लास, म्हणजे वरच्या दर्जाची, रेकॉर्डमध्ये धरली जाणारी मॅच. संस्थानची, शाळेची, जिमखान्याची टीम असेल तर नेटवर शोधून उपयोग नाही.

म्हणून आधी नोकरी शोधा, स्कोअर नंतर. त्या काळी खेळून पोट भरायचं नाही, नोकरी जिकडं तिकडं टीम. पळवणकर बाळूंचंच बघा, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट्स काढल्या, पण सुरुवात पुण्यात क्लबच्या ग्राउंडवर कामाला राहून, पुढं मुंबईत रेल्वेत. तर पणजोबा रेल्वेत, पोलिसात, शाळेत का दरबारात होते ते कळलं की अर्धं काम झालं.

मग शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात जन्मतारीख, गाव, शाळा कधी सोडली सगळं असतं. तहसीलला गाव नमुना 14 (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही) पण मागा, मोडीत असेल तर घाबरू नका, कुणबी नोंदी शोधताना गावोगाव लोकांनी मोडी वाचणारे गाठलेत, त्यातलाच एखादा पकडा. फक्त जिल्हा नीट बघा हां, इथंच लोक चुकतात. वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि सांगली जिल्हा हे नाव 1960 चं. मिरज, जत, सांगली तर वेगवेगळी संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी.

तारीख शके मध्ये असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते पाडवा यातली असेल तर 79. आपल्या सांगलीचे विजय हजारे मार्च 1915 चे, म्हणजे शके 1836.

नावाचा घोळ वेगळाच. जुन्या स्कोअरकार्डात बाळू 'पी. बाळू' आणि भाऊ 'पी. विठ्ठल' असे आहेत, तो पी म्हणजे पळवणकर, आडनाव पुढं आलंय. आडनावानंच शोधत बसाल तर समोरचा माणूस दिसायचा नाही, सगळ्या उलटसुलट जोड्या लावून बघा.

जुनी वर्तमानपत्रं बघायला जाताना साल माहीत पाहिजे, नाहीतर फायली उलटून डोळे जातात. आणि सांगलीकरांनो, 2005 अन 2019 च्या पुरात तुमच्या घरातलं गेलं असेल तर आत्या-मावश्यांच्या सासरी विचारा, टीमच्या फोटोची कॉपी बऱ्याचदा तिकडं असते. फ्रेममधून ओढून काढू नका, चिकटलेला असतो, आधी आहे तसाच मोबाईलवर घ्या आणि मागच्या पुठ्ठ्याचा पण फोटो काढा, स्टुडिओचं नाव नाहीतर साल तिथंच सापडतं.